चाळिशीत स्टिअरिंग हाती



मागच्या महिन्यात बचत गटाच्या हिशोबावर बोलताना मी सहज म्हणून गेले, की मी गो-कार्टच्या शर्यतीत उतरले होते. त्यानंतर बाजारात, एसटीत, अगदी दळणाच्या रांगेतसुद्धा मला एकच प्रश्न आला. "ताई, ते गो-कार्ट म्हणजे नक्की काय? आणि या वयात तुम्हाला कशाला हवी होती शर्यत?" एका आजींना तर वाटलं, मी बैलगाडा शर्यतीत उतरले! म्हणून आज त्याच विषयावर बोलते. गो-कार्ट कशी चालते, शर्यत कशी होते, मोठ्या वयात शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, आणि जीव सांभाळायचा तर काय बघायचं, असं सगळं सांगते. शेवटचा भाग तर जिला कधीच गाडी चालवायची नाही तिनेही ऐकावा.

आधी गाडीची ओळख करून घेऊ.

गो-कार्ट म्हणजे लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा. त्याला चार छोटी चाकं, एक बादलीसारखी सीट, एक स्टिअरिंग आणि पायाशी दोन पेडल. उजव्या पायाला ॲक्सिलरेटर, डाव्या पायाला ब्रेक. क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचे नाहीत. स्कूटी चालवणारीला हे लगेच समजेल. वर छप्पर नाही, दार नाही, काच नाही. आपण जमिनीपासून जेमतेम दोन-तीन इंच वर बसतो. त्यामुळे ताशी चाळीसचा वेगसुद्धा ऐंशीसारखा वाटतो.

ही गाडी पहिल्यांदा १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये बनली. आर्ट इंगल्स नावाचे एक कारागीर शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचे. त्यांनी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवलं आणि गंमत म्हणून गाडी केली. म्हणजे हा खेळ जन्माला आला तो गॅरेजमधल्या जुगाडातून.

आजही हौशी माणसांना भाड्याने मिळणाऱ्या कार्टला साधारण साडेसहा ते नऊ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन असतं. आपल्या शेतातल्या पॉवर वीडरला असतं, त्याच जातीचं. मोठ्या स्पर्धेतली कार्ट मात्र वेगळी. तिचं १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन तीसएक हॉर्सपॉवर देतं आणि सरळ रस्त्यावर ताशी शंभरच्या पुढे जातं. आपण नव्याने शिकणाऱ्या बायकांनी त्या गाडीचा विचार लगेच करायचा नाही.

आता या गाडीची खोड सांगते. खोड समजली की अर्धं काम झालं.

बैलगाडी वळते तेव्हा तिची दोन चाकं आपापली फिरतात. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी. मोटारीत आणि ट्रॅक्टरमध्ये याच कामासाठी डिफरन्शियल असतो. कार्टमध्ये तो नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवलेली असतात, दोघांना सारखंच फिरावं लागतं. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर विचारून बघा, डिफरन्शियल लॉक लावून ट्रॅक्टर वळवायला गेलं की काय होतं. तो सरळच जायला बघतो. कार्टचा तो लॉक कायमच लागलेला असतो असं समजा. म्हणून वळताना आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जावं लागतं, तेव्हाच गाडी वळते. कार्टला स्प्रिंग किंवा शॉकॲब्सॉर्बर नसतात. तो सांगाडाच थोडा वाकतो, पिळवटतो आणि ते काम करतो. त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट आपल्या बरगड्यांना कळतो.

दुसरी खोड ब्रेकची. साध्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. वळणाच्या मध्ये जोरात ब्रेक मारला की मागची चाकं घसरतात आणि गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरते. माझी पहिल्याच दिवशी, पहिल्याच मोठ्या वळणावर फिरली. तोंड उलटीकडे, इंजिन बंद, आणि मागून एक पंधरा वर्षांचा मुलगा भुर्रकन निघून गेला. चूक माझीच होती. भीती वाटली तिथे मी ब्रेक मारला. ब्रेक मारायची जागा त्याच्या आधी येते.

शिकवणाऱ्या मुलाने मग एक वाक्य सांगितलं, "सरळ असतानाच वेग कमी करा, वळणात नाही." आणि वळण कसं घ्यायचं ते खडूने जमिनीवर काढून दाखवलं. आधी बाहेरच्या कडेला राहायचं. गाडी सरळ असतानाच ब्रेक दाबायचा आणि सोडायचा. मग आतल्या कोपऱ्याला चिकटायचं. तिथून पुढे पुन्हा बाहेरच्या कडेकडे जात ॲक्सिलरेटर द्यायचा. म्हणजे बाहेर, आत, बाहेर. उसाची ट्रॉली अरुंद बोळात वळवताना ड्रायव्हर आधी ट्रॅक्टर बाहेर घेतो ना, तसंच काहीसं. वळण जितकं मोठं आणि सैल करून घ्याल, तितका वेग टिकतो. वळणात हळू शिरणारी बाई बाहेर पडताना पुढे असते, आणि घाईने शिरणारी घसरत बसते.

हे मला जमायला चार महिने लागले. महिन्यातून एकदा, एका वेळी दहा-बारा मिनिटं. पहिल्या दिवशी ट्रॅकची एक फेरी मारायला मला ७१ सेकंद लागले. चार महिन्यांनी ६३. गाडीला एक छोटं यंत्र लावलेलं असतं, ते प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतं. कागद हातात मिळतो. मैत्रिणींनो, त्या कागदाचं मला फार अप्रूप वाटलं. भाकरी चांगली झाली की नाही हे खाणारा सांगतो. शेत चांगलं झालं की नाही हे पाऊस आणि बाजारभाव ठरवतो. इथे माझं मला कळत होतं, की मागच्या वेळेपेक्षा मी किती सुधारले.

आता शर्यत कशी होते ते सांगते.

मी उतरले ती हौशी लोकांची शर्यत. अशा शर्यतीला कार्ट ट्रॅकवाल्यांच्याच असतात, आपण फक्त चालवायला जायचं. दहा गाड्या दिसायला सारख्या असल्या, तरी एखादी जोरात पळते, एखादी मार खाते. म्हणून चिठ्ठी टाकून गाडी ठरवतात आणि दर फेरीला गाडी बदलतात. आधी सराव. मग वेळेची चाचणी. ज्याची एक फेरी सगळ्यांत कमी वेळात, तो पुढे उभा राहतो. मग छोट्या शर्यती आणि शेवटी अंतिम.

बायकांसाठी एक गोष्ट फार चांगली आहे. बाई-पुरुष एकाच शर्यतीत पळतात, आणि वजनाचा नियम असतो. हलका माणूस बसला की गाडी जास्त पळते, हे उघड आहे. म्हणून नीट भरवलेल्या शर्यतीत किमान वजन ठरवलेलं असतं आणि जो कमी भरेल त्याच्या सीटला वजनाचे तुकडे लावतात. आमच्याकडे ७० किलो ठरलं होतं. मी ५४ भरले, म्हणून माझ्या गाडीला १६ किलो शिसं चढलं. मी म्हटलं, चला, ओझं वाहायची सवय आहेच.

ट्रॅकवर बोलून काही ऐकू येत नाही, म्हणून झेंडे दाखवतात. हे पाठ करावे लागतात. हिरवा म्हणजे रस्ता मोकळा. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कुणाला ओलांडू नका. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा जलद गाडी येतेय, तिला जाऊ द्या. लाल म्हणजे शर्यत थांबवली. काळा म्हणजे तुम्ही नियम मोडला, बाहेर या. आणि काळ्या-पांढऱ्या चौकटीचा झेंडा म्हणजे शर्यत संपली. निळा झेंडा मला त्या दिवशी तीनदा दाखवला. पहिल्यांदा मान खाली गेली. मग कळलं, बाजूला होऊन वाट देणं हासुद्धा या खेळातला नियम आहे, त्यात अपमान काही नाही.

आम्ही बाराजण होतो, त्यात तीन बायका. माझा नंबर नववा आला.

आता वयाचा प्रश्न. या खेळात नाव काढणारे बहुतेक सगळे लहानपणी सुरू करतात. सात-आठ वर्षांची मुलं छोट्या कार्ट चालवतात. बंद ट्रॅकवर चालवायचं असल्याने रस्त्याचं लायसन्स लागत नाही. फॉर्म्युला वन ही जगातली सगळ्यांत मोठी मोटार शर्यत सात वेळा जिंकणारा जर्मनीचा मायकेल शूमाखर असाच कार्टमधून आला. त्याचे वडील गवंडीकाम करायचे आणि गावाजवळच्या कार्ट ट्रॅकची देखभाल बघायचे, आई तिथल्याच कँटीनमध्ये काम करायची. म्हणजे श्रीमंताघरचा नव्हता, पण ट्रॅक दाराशी होता.

मग चाळिशीत सुरू करून काय उपयोग? खरं सांगायचं तर त्या वाटेने चॅम्पियन होता येत नाही. ज्या पोराने आठव्या वर्षी स्टिअरिंग धरलं, त्याच्याशी माझी बरोबरी नाही. पण मोठेपणी सुरू करणाऱ्यांचीही एक वाट असते. आपल्या पुण्याच्या डायना पुंडोले यांचं उदाहरण घ्या. त्या शिक्षिका, आणि आईसुद्धा. २०१८ साली बायकांसाठी भरलेल्या एका निवड कार्यक्रमातून त्या मोटार शर्यतीत आल्या. आणि २०२४ साली त्यांनी राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद मिळवलं, तेही पुरुषांबरोबर एकाच शर्यतीत पळून. त्यांची शर्यत कार्टची नव्हती, मोटारींची होती, आणि त्यामागे मोठी मेहनत आणि पाठबळ लागतं. आपण सगळ्या डायनाताई होणार नाही. पण वाट बंद असते असं जे आपल्याला सांगितलं जातं, ते खरं नाही एवढं त्यावरून कळतं.

पुढे गंभीरपणे स्पर्धेत उतरायचं असेल तर आपल्या देशात एफएमएससीआय ही मोटार क्रीडेची राष्ट्रीय संघटना आहे. तिच्या स्पर्धांसाठी तिचं लायसन्स काढावं लागतं. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरला मोठा खुला कार्ट ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत. ऑइल इंजिन, फाउंड्री आणि गॅरेजच्या त्या शहरात हा खेळ रुजला यात नवल नाही.

खर्चाचंही स्पष्ट बोलू. भाड्याची कार्ट दहा-पंधरा मिनिटांना काही शे रुपये घेते. आपल्यासाठी ते कमी नाहीत. मी गटाच्या कर्जातून एक रुपयाही घेतला नाही आणि कुणी घेऊ नये. शिवणकामातले महिन्याला थोडे बाजूला ठेवले. स्वतःची शर्यतीची कार्ट घ्यायची तर खर्च लाखांत जातो, वर टायर, पेट्रोल, मेकॅनिक वेगळे. म्हणून आपली मजल भाड्याच्या गाडीपर्यंत. तिथेच राहूनही भरपूर शिकता येतं.

आता तो भाग, जो सगळ्यांनी ऐकायचा आहे.

आज गो-कार्ट लोणावळा, महाबळेश्वर-पाचगणी अशा सहलीच्या ठिकाणी मिळते. गटाची सहल गेली की मुलं हट्ट धरतात, आपणही बसतो. आणि तिथेच बायकांचे जीव गेलेत. २०१८ साली हरियाणात पिंजोरला आणि २०२० साली हैदराबादला, सहज मजा म्हणून कार्टमध्ये बसलेल्या दोन तरुण बायकांचे केस गाडीच्या फिरत्या चाकात अडकले आणि त्या दगावल्या. सीटच्या मागे उघडा अ‍ॅक्सल फिरत असतो, इंजिनची साखळी फिरत असते. वेणी किंवा ओढणी वाऱ्याने मागे उडाली की ती खेचली जायला क्षणही लागत नाही. ओरडून इंजिन थांबत नाही.

आपल्याला हे नवीन आहे का? आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा पदर मळणी यंत्रात गेला. हात वाचला, तीन बोटं गेली. कडबाकुट्टी, गिरणीचा पट्टा, मळणी यंत्र, सगळीकडे तेच. फिरणारं यंत्र आणि सुटं कापड. फरक इतकाच, की शेतातल्या यंत्राला आपण घाबरून असतो आणि सहलीतल्या गाडीला खेळणं समजतो.

म्हणून बसण्याआधी हे बघा. साडी किंवा ओढणी घालून कार्टमध्ये बसायचं नाही, म्हणजे नाहीच. पँट आणि अंगाबरोबरचा शर्ट घाला. वेणीचा अंबाडा घट्ट बांधून डोक्याला कापडी टोपी घाला, केस पूर्ण आत. वेणी लांब असेल तर शर्टाच्या आत खोचा. वर पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला. मंगळसूत्र आत घाला, बांगड्या काढून ठेवा. चप्पल नको, पाय झाकणारे बूट हवेत. गाडीच्या मागे वाकून बघा. अ‍ॅक्सल, साखळी आणि इंजिनवर झाकण आहे का? नसेल तर बसू नका. गरोदर बाईने किंवा पाठीचं, मानेचं दुखणं असलेल्या बाईने बसायचं नाही. आणि गाडी मध्येच बंद पडली तर उतरून धावायचं नाही. हात वर करून बसून राहायचं, माणूस येईपर्यंत.

स्पर्धेच्या कार्टला सीटबेल्ट नसतो, हेही सांगून ठेवते, कारण पहिल्यांदा बघून धक्का बसतो. गाडीला वर लोखंडी पिंजरा नसतो. ती उलटली आणि माणूस बांधलेला असला, तर तो खाली चिरडेल. म्हणून चालक मोकळा ठेवतात आणि अंगावर जाड सूट, हातमोजे, बरगड्यांना संरक्षक कवच चढवतात. भाड्याच्या काही गाड्यांना मात्र पट्टा असतो. पट्टा दिला असेल तर तिथल्या नियमाप्रमाणे तो लावायचाच.

एका सहलीच्या ठिकाणी, नाव घेत नाही, मला हेल्मेट दिलं त्याचा पट्टा तुटलेला होता. मी म्हटलं, दुसरं द्या. तो मुलगा म्हणाला, "अहो काकू, दोन फेऱ्यांचं तर काम आहे." मी पैसे परत मागितले. त्याने दिले नाहीत. मी बसले नाही, आणि आमच्या गटातल्या अकराजणीही बसल्या नाहीत. पैसे गेले. पण मला वाटतं, त्या दिवशी आमच्या गटाने सगळ्यांत शहाणपणाचा खर्च केला.

आता कुणाला खरंच शिकायचं असेल तर क्रम सांगते. आधी सहलीच्या ठिकाणी नको, शिकवणारा माणूस असलेल्या ट्रॅकवर जा. एकटी जाऊ नका, दोघी-तिघी जा. पहिल्या दिवशी फक्त ब्रेक शिका. वेग आपोआप येतो, ब्रेक शिकावा लागतो. हात आणि बरगड्या दोन दिवस दुखतात, त्याला घाबरू नका. स्टिअरिंग जड असतं, ते घट्ट आवळून धरलं की जास्त थकायला होतं. पाणी पिऊन जा, त्या सूटमध्ये आणि हेल्मेटमध्ये फार उकडतं. वेळेचा कागद जपून ठेवा. आणि आठ-दहा वेळा झाल्याशिवाय शर्यतीत नाव देऊ नका.

शेवटी माझ्या सासूबाईंचा प्रश्न. त्यांनी मला शर्यतीहून आल्यावर विचारलं, "नववा नंबर आला म्हणतेस, मग यातून मिळालं काय?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. रागावून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं.

विचार करून आता सांगते. माझ्या माहेरी ट्रॅक्टर होता. भावाला तेराव्या वर्षी वडिलांनी मांडीवर घेऊन शिकवला. मी शेजारी मडगार्डवर बसायचे. पुढची वीस वर्षं मी मडगार्डवरच बसले. यंत्र बिघडलं की बाजूला व्हायचं, गाडी घसरली की डोळे मिटायचे, असंच मनाला लागलेलं. आता पावसात स्कूटी घेऊन जाताना मला कळतं, ब्रेक वळणाच्या आधी मारायचा. ट्रॅक्टर ट्रॉली वळत असेल तर आतल्या बाजूला उभं राहायचं नाही, हे कळतं. मळणीच्या दिवशी मी स्वतः उभी राहून सगळ्यांचे पदर खोचून घेते आणि पट्ट्यावर जाळी बसवल्याशिवाय यंत्र सुरू करू देत नाही. यंदा कुणी त्यावर हसलं नाही.

सासूबाईंना हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ट्रॅक्टर तरी शीक मग. ते कामाचं आहे." पुढच्या हंगामात तेही करणार आहे. तुमच्यापैकी कुणाला बरोबर यायचं असेल तर गुरुवारच्या बैठकीत सांगा.